परदेशातील इंग्रजी अध्यापन अभ्यासक्रम आणि नोकरीची हमी : चंदीगडच्या निमित्ताने

चंदीगडच्या सेक्टर १७ आणि सेक्टर ३४ या भागांत परदेशगमनाचे सल्लागार, व्हिसा कार्यालये आणि आयईएल्टीएस परीक्षेचे शिकवणी वर्ग मोठ्या संख्येने आहेत. पंजाब, हरियाणा आणि हिमाचल प्रदेशातील तरुणांचा परदेशी जाण्याचा मार्ग बहुधा या दोन सेक्टरांमधूनच सुरू होतो. कॅनडा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी भारतीय विद्यार्थ्यांना सोयीची असलेली जलद परवाना योजना बंद केली. या धंद्याचा मोठा आधार त्यामुळे डळमळीत झाला. अशा वेळी जे पर्याय पुढे केले जातात, त्यांपैकी एक म्हणजे परदेशात जाऊन चार आठवड्यांचा इंग्रजी अध्यापनाचा अभ्यासक्रम पूर्ण करणे आणि त्यानंतर तेथेच शिक्षकाची नोकरी मिळवणे. जाहिराती महाजालावरून देशभर पोहोचत असल्याने नागपूर, सोलापूर किंवा बेळगावच्या उमेदवारालाही चंदीगडच्या कार्यालयात पैसे भरणे आता अवघड राहिलेले नाही.

असे सर्वच अभ्यासक्रम फसवे असतात असे नाही. त्यांपैकी काही जगभर मान्यता पावलेले आहेत. मात्र अभ्यासक्रम चांगला असणे आणि तो पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकाला परदेशात नोकरी मिळणे या दोन निराळ्या बाबी आहेत. जाहिरातीत त्या एकाच वाक्यात येतात, आणि घोटाळ्याला तेथूनच आरंभ होतो.

या अभ्यासक्रमांचा उगम

इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवण्याचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण ही ब्रिटनमधील कल्पना आहे. जॉन हेक्राफ्ट आणि त्यांच्या पत्नी ब्रिटा यांनी १९५३ साली स्पेनमधील कोर्दोबा येथे भाषाशाळा सुरू केली. पुढे त्यातूनच ‘इंटरनॅशनल हाऊस’ ही संस्था आकाराला आली आणि १९६२ मध्ये लंडन येथे तिने शिक्षकांसाठी अल्पमुदतीचा वर्ग चालू केला. आज केंब्रिजतर्फे ‘सेल्टा’ या नावाने जे प्रमाणपत्र दिले जाते, ते याच परंपरेतले होय. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचे ‘सर्ट टेसॉल’ हे त्याच तोडीचे दुसरे प्रमाणपत्र आहे.

सेल्टामध्ये किमान १२० तासांचा अध्यापकांशी प्रत्यक्ष संपर्क आणि खऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गावर ६ तासांचे अध्यापन आवश्यक असते. हे अध्यापन प्रशिक्षक बसून पाहतो आणि प्रत्येक पाठावर लेखी अभिप्राय देतो. केंब्रिजने नेमलेला बाहेरचा परीक्षक प्रत्येक तुकडीची तपासणी करतो. प्रवेशापूर्वी लेखी काम आणि मुलाखत होते, आणि त्यात उमेदवाराला नकारही मिळतो. ट्रिनिटीच्या अभ्यासक्रमात तर प्रशिक्षणार्थीला एखादी संपूर्ण अपरिचित भाषा काही तास शिकावी लागते. नवशिक्याची अडचण काय असते, हे शिक्षकाने स्वतः अनुभवावे असा त्यामागचा हेतू आहे. ब्रिटनच्या पात्रता आराखड्यात ही दोन्ही प्रमाणपत्रे पाचव्या स्तरावर नोंदलेली आहेत.

याउलट ‘१२० तासांचा टेफल’ या नावाने जे काही विकले जाते, त्याचा मालक कोणीच नाही. ‘टेफल’ हे परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या साऱ्या क्षेत्राचे नाव आहे, एका ठराविक परीक्षेचे नव्हे. त्यामुळे कोणतीही संस्था आपल्या अभ्यासक्रमाला ते नाव देऊ शकते. १२० हा आकडा सेल्टाच्या तासांवरून आलेला दिसतो, पण संगणकापुढे बसून बहुपर्यायी प्रश्न सोडवण्याचे १२० तास आणि वर्गात उभे राहून शिकवणे व शिकवलेल्याची चिरफाड ऐकून घेणे यांत पुष्कळ अंतर आहे. ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ हा शब्दही जपूनच वाचावा. मान्यता देणारी संस्था कोणी स्थापन केली, ती कोणत्या सरकारी नियंत्रकाच्या नोंदीत आहे आणि तिने आजवर एखाद्या केंद्राची मान्यता काढून घेतली आहे काय, हे विचारल्यावर पुष्कळदा विक्रेत्याची गाडी अडते. ब्रिटनमधील पात्रतांची अधिकृत नोंदवही ‘ऑफक्वाल’ या नियंत्रकाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते, आणि सेल्टाच्या मान्य केंद्रांची यादी केंब्रिजच्या संकेतस्थळावर असते. ही पडताळणी पाच-दहा मिनिटांत होते.

आयईएल्टीएसबाबतही एक गैरसमज आढळतो. ही परीक्षा इंग्रजी येते किती एवढेच मोजते आणि तिचा निकाल दोन वर्षांपुरता ग्राह्य धरला जातो. तिच्यात आठ बँड मिळाले म्हणून शिकवण्याची पात्रता येत नाही.

पासपोर्टचा प्रश्न

या विषयावरील बहुतेक इंग्रजी माहितीपुस्तके अमेरिकी किंवा ब्रिटिश वाचकासाठी लिहिलेली असतात, आणि चंदीगडमधील माहितीपत्रके त्यांच्यावरूनच तयार होतात. त्यामुळे त्यांतील सर्वांत महत्त्वाची अट अध्याहृत राहते. ती अट म्हणजे उमेदवाराचे नागरिकत्व.

दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्यावे. तेथील भाषाशिक्षकांचा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच सर्वसाधारणपणे मिळतो. भारत आणि कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला आणि त्याने भारतीयांसाठी एक अरुंद वाट मोकळी केली. त्या वाटेने शाळांमध्ये इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून काम करता येते, पण त्यासाठी पदवीबरोबरच शिक्षकाचा अधिकृत परवाना लागतो. चार आठवड्यांचे प्रमाणपत्र घेतलेला आणि बी.एड. नसलेला भारतीय पदवीधर या वाटेवर बसत नाही. त्याला कोरियाचे नाव सांगून कोणी अभ्यासक्रम विकत असेल, तर पुढचे ऐकण्याची गरज नाही.

जपानमध्ये शाळांतून परकीय भाषा शिकवणाऱ्याच्या निवास परवान्यासाठी त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षांचे शिक्षण झालेले असावे असा नियम आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या उमेदवाराने, पुढे त्याचे इंग्रजी कितीही चांगले झालेले असले तरी, हा नियम आधी वाचावा. महाराष्ट्रातील अर्जदारांच्या दृष्टीने ही बाब मोठी आहे आणि माहितीपत्रकांत ती क्वचितच आढळते.

चीनने एप्रिल २०१७ पासून परकीय कर्मचाऱ्यांसाठी नवी परवाना पद्धत देशभर लागू केली. इंग्रजीच्या शिक्षकाची मातृभाषा इंग्रजी असावी, त्याच्याकडे पदवी आणि अनुभव किंवा अध्यापन प्रमाणपत्र असावे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप आहे. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय मुलांच्या खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून चिनी मुलांना महाजालावरून शिकवण्यासही मनाई केली. घरबसल्या चिनी मुलांना शिकवून डॉलर मिळवण्याची जी स्वप्ने त्यापूर्वी विकली जात होती, ती तेव्हाच संपली. जुन्या जाहिराती मात्र अधूनमधून अजून फिरताना दिसतात.

थायलंडचे दार तुलनेने उघडे आहे. तेथे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांतील अनेक शिक्षक काम करतात. परंतु त्यांना पदवी, इंग्रजीच्या प्रमाणित परीक्षेचा निकाल, काम करण्यास योग्य व्हिसा आणि कामाचा परवाना ही कागदपत्रे लागतात. शाळेत शिकवायचे तर थायलंडच्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा मर्यादित मुदतीची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. ‘पर्यटक म्हणून या, नोकरी लागल्यावर कागद करू’ असे कोणी सांगितले, तर तो मनुष्य उमेदवाराला बेकायदा कामास प्रवृत्त करीत आहे. पकडले गेल्यास दंड, अटक आणि हद्दपारी उमेदवाराच्या वाट्याला येते, सल्लागाराच्या नव्हे. शिवाय एकाच शाळेत, एकाच कामासाठी, पासपोर्टनुसार पगार वेगवेगळे असण्याची प्रथा आशियातील खाजगी शाळांत आहे. ती अन्यायकारक आहे, परंतु हिशेब करताना तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही.

युरोपातील प्राग किंवा बार्सिलोना येथील अभ्यासक्रमांबाबत थोडक्यात एवढेच, की चार आठवड्यांचे शिक्षण अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर होऊ शकते, पण त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, आणि युरोपीय संघातील नागरिक उपलब्ध असताना नवख्या भारतीय शिक्षकासाठी कामाचा परवाना काढून देणाऱ्या भाषाशाळा विरळा. शहर सुंदर आहे म्हणून जायचे असेल तर गोष्ट वेगळी.

हमी कशाची?

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांखाली करारात नेमके काय लिहिले आहे, ते पाहिले पाहिजे. बहुतेक करारांत ‘हमी’ हा शब्द पहिल्या पानावर असतो, आतील कलमांत त्याचे ‘साहाय्य’ होते आणि शेवटी ‘मुलाखतीची संधी’ उरते. शाळांच्या पत्त्यांची यादी ई-मेलने पाठवली की साहाय्य पूर्ण झाले, असेही काही कलमांचे अर्थ निघतात.

यशाची टक्केवारी सांगितली गेल्यास छेद विचारावा. ९८ टक्के म्हणजे प्रवेश घेतलेल्या सर्वांपैकी, अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांपैकी, की ‘पात्र’ ठरवलेल्यांपैकी? आठवड्याला दोन तासांची शिकवणी मिळाली तरी ती नोकरी मोजली काय? त्या तुकडीत भारतीय पासपोर्टधारक किती होते, त्यांपैकी गेल्या वर्षी किती जण कोणत्या देशात, कोणत्या प्रवर्गाच्या व्हिसावर कामाला लागले? या शेवटच्या प्रश्नाचे लेखी उत्तर देणारी संस्था बहुधा सचोटीची असते. उत्तर टाळणारी संस्था कशी आहे हे उत्तराशिवायही कळते.

आणखी एक कसोटी पैशाच्या वेळापत्रकाची. सर्व शुल्क प्रवेशाच्या वेळीच घेतले जात असेल, तर उमेदवाराला नोकरी लागण्यात विक्रेत्याचा कोणताही आर्थिक स्वार्थ उरत नाही. शुल्काचा काही भाग कामाचा परवाना हाती आल्यावर घेण्यास संस्था तयार आहे काय, असे विचारावे. स्वतःच्या हमीवर विश्वास असणाऱ्याला ते अवघड वाटू नये. परताव्याची अटही याच नजरेने वाचावी. ‘देऊ केलेली नोकरी नाकारल्यास परतावा नाही’ असे लिहिलेले असेल, तर किती पगाराची, कोणत्या गावची आणि किती दिवसांत देऊ केलेली नोकरी, हेही तेथेच लिहून घ्यावे.

हिशेबाची रीत एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, अभ्यासक्रमाचे शुल्क दीड लाख रुपये, विमानभाडे ३० हजार आणि पहिल्या महिन्याचा राहण्या-जेवणाचा खर्च ४० हजार रुपये आहे. एकूण २ लाख २० हजार झाले. नोकरी लागल्यावर खर्च वजा जाता महिन्याला २० हजार रुपये शिल्लक पडत असतील, तर घातलेले पैसे वसूल होण्यास ११ महिने लागतात. अनेक शाळांचा करार शैक्षणिक वर्षापुरता, म्हणजे दहा महिन्यांचा असतो. अशा स्थितीत पहिले वर्ष संपताना उमेदवार २० हजारांच्या तोट्यात असेल, आणि कर्ज काढलेले असल्यास त्यावरील व्याज वेगळेच. दुसऱ्या वर्षी करार वाढेल काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अभ्यासक्रम विकणाऱ्याच्या हाती नसते.

कायद्याच्या तीन हद्दी

चंदीगड हे पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी आणि स्वतः केंद्रशासित प्रदेश आहे. त्याला लागूनच असलेले मोहाली पंजाबात, तर पंचकुला हरियाणात मोडते. तिन्ही शहरे मिळून एकच वस्ती दिसते, परंतु रस्ता ओलांडताच कायदा बदलतो.

पंजाबने २०१२ साली मानवी तस्करी रोखण्यासाठी कायदा केला. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन तो ‘पंजाब ट्रॅव्हल प्रोफेशनल्स नियमन कायदा’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ट्रॅव्हल एजंट, व्हिसा सल्लागार आणि आयईएल्टीएसचे शिकवणी वर्ग यांना त्याखाली जिल्हा प्रशासनाकडून परवाना घ्यावा लागतो. हरियाणा विधानसभेने ट्रॅव्हल एजंटांची नोंदणी आणि नियमन यासंबंधीचे विधेयक मार्च २०२५ मध्ये संमत केले. पंजाबचा कायदा चंदीगडला आपोआप लागू होत नाही. १९६६ च्या पंजाब पुनर्रचना कायद्यानुसार केंद्र सरकारने अधिसूचना काढून तो तेथवर आणावा लागतो. म्हणून भिंतीवर लावलेला परवाना मोहालीच्या पत्त्याचा आणि कार्यालय चंदीगडच्या सेक्टरात, असा प्रकार आढळल्यास त्याच पत्त्याचा परवाना दाखवण्यास सांगणे उमेदवाराच्या हिताचे आहे.

परदेशी मालकासाठी भारतात नोकरभरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील उत्प्रवासी महासंरक्षकांकडे करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर आहे. चंदीगड येथे उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालयही आहे. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच घेता येते. येथे एक पळवाट लक्षात घेण्याजोगी आहे. तोच मनुष्य ‘भरती’ न म्हणता ‘अभ्यासक्रम’ म्हणाला की शुल्क शिक्षणाचे ठरते आणि ही मर्यादा बाजूला पडते. नोकरी ‘सोबत’ मिळते, असे सांगितले जाते. अशा वेळी पावतीवर कशाचे पैसे लिहिले आहेत, ते पाहावे.

या दक्षतेमागे कारण आहे. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये एक सूचना काढून थायलंडमधील आकर्षक नोकऱ्यांच्या नावाखाली भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबले जात असल्याचा इशारा दिला होता. त्या नोकऱ्या माहिती तंत्रज्ञानातील असल्याचे भासवले गेले होते. पदाचे नाव कोणतेही असू शकते. शाळेचे नाव, गाव आणि नकाशावरील जागा स्वतः तपासणे आणि शाळेच्या स्वतःच्या दूरध्वनीवर बोलणे म्हणूनच आवश्यक ठरते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठवलेल्या १०४ भारतीयांत पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे लोक बहुसंख्य होते, तरी त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. ती बेकायदा प्रवेशाची प्रकरणे होती आणि अध्यापनाशी त्यांचा संबंध नव्हता. पण एजंटाच्या तोंडी शब्दावर लाखो रुपये देण्याची रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही, एवढे त्यावरून दिसते.

देशातील पर्याय

परदेशी शिकवण्याची इच्छा असणाऱ्या भारतीयासाठी सर्वांत खात्रीचा रस्ता कोणता, असे विचारल्यास उत्तर काहीसे नीरस आहे : बी.एड. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न शाळा पंचवीसहून अधिक देशांत असून त्यांतील पुष्कळशा आखाती देशांत आहेत. या शाळांना भारतीय शिक्षकच हवे असतात, आणि त्यांच्या दृष्टीने पदवी, बी.एड. आणि दोन-तीन वर्षांचा वर्गातील अनुभव यांचे मोल चार आठवड्यांच्या प्रमाणपत्राहून अधिक असते. बी.एड.ला दोन वर्षे लागतात, ही त्याची उणीव खरी. पण ते प्रमाणपत्र परदेशाचा बेत फसला तरी भारतात उपयोगी पडते.

भाषाशिक्षणाचेच विशेष प्रशिक्षण हवे असल्यास हैदराबादची इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ ही संस्था आहे. १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था म्हणून ती स्थापन झाली आणि २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ बनली. इंग्रजी अध्यापनाच्या पदव्युत्तर पदविकेचे शिक्षण तिने दूरशिक्षणानेही दिले आहे. चंदीगडमध्येच सेक्टर ३२ येथे प्रादेशिक इंग्रजी संस्था १९६३ पासून शालेय शिक्षकांना इंग्रजी अध्यापनाचे प्रशिक्षण देत आली आहे. इंग्रजी शिकवायला शिकण्यासाठी चंदीगडमधून विमान पकडावे, असे सांगणाऱ्या जाहिराती तेथून फार दूर नाहीत, ही गंमतच म्हणायची. सेल्टासारखा अभ्यासक्रम करायचाच असेल, तर २०२० पासून तो अध्यापनाच्या सरावासह पूर्णपणे महाजालावरूनही करता येतो. परदेशातील महिन्याभराच्या मुक्कामाचा खर्च त्यामुळे वाचतो. नोकरीचे पत्र आधी आणि प्रवास नंतर, हा क्रम राखता येतो.

परदेशी जाणाऱ्या शिक्षकाच्या पदवीचे प्रमाणीकरण हे स्वतंत्र काम आहे. भारतात १४ जुलै २००५ पासून हेग अपोस्टिल करार लागू आहे. करारातील देशांसाठी राज्य शासनाच्या पातळीवरील प्रमाणीकरणानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का मिळतो, तर इतर देशांसाठी त्या देशाच्या दूतावासाचेही प्रमाणीकरण लागते. यासाठी मूळ कागदपत्रे द्यावी लागतात. मात्र ती अभ्यासक्रम विकणाऱ्याच्या कपाटात ठेवण्याचे कारण नाही. शुल्क बाकी आहे म्हणून पदवी अडवून ठेवल्याच्या तक्रारी या व्यवसायात नव्या नाहीत.

तक्रार कोठे करावी

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. प्रवेशाची, नोकरीची किंवा पगारवाढीची हमी देणाऱ्या खोट्या दाव्यांना त्यांत प्रतिबंध आहे. जाहिरातीचे छायाचित्र, माहितीपत्रक, व्हॉट्सअॅपवरील संभाषण आणि पावत्या जपून ठेवल्यास त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होतो. पैसे रोख दिले असल्यास हे काम कठीण होते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील एक तरतूद महाराष्ट्रातील उमेदवारांच्या विशेष उपयोगाची आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही त्याला तक्रार दाखल करता येते. करारात ‘सर्व वाद फक्त चंदीगडच्या न्यायकक्षेत’ असे छापलेले असले म्हणून सोलापूरच्या ग्राहकाने निराश होऊन बसू नये. दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि पाच लाखांपर्यंत कोणतेही शुल्क आकारले जात नाही. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. परदेशी पोहोचल्यानंतर अडचण आल्यास भारतीय दूतावासाखेरीज परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. हे संकेतस्थळ फेब्रुवारी २०१५ पासून कार्यरत आहे. नोकरीचे आमिष दाखवून पैसे उकळले गेले असल्यास ते फसवणुकीचे फौजदारी प्रकरण होते. १ जुलै २०२४ नंतर घडलेल्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होते आणि त्याची फिर्याद पोलीस ठाण्यात द्यावी लागते.